गजराक्काचा भंडारा

“बाई, दारू घेता का कधी?”

डॉक्टर इनामदारांनी हे इतक्या सहज विचारलं, जणू चहात साखर किती घालता असं विचारताहेत. मी खुर्चीतच अंग आवळून बसले. कारण समोर बसलेली बाई म्हणजे माझी सासू, बोरजाईची गजराक्का साळोखे, दारूबंदीवाली. आसपासच्या गावांत कुठं गुत्ता मोडायचा म्हटलं की आधी तिला सांगावा जायचा. म्हटलं, आता या दवाखान्याची काही धडगत नाही.

पण आत्या हसल्या. (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.)

“डॉक्टरीणबाई, मी दारू फोडती. पीत न्हाई.”

“रागावू नका, विचारावं लागतं. तुमच्या लिव्हरवर चरबी साठलीय. पिणाऱ्यांत दिसते, तशी न पिणाऱ्यांतही दिसते.”

“मग माझ्यात कशानं?”

“रक्तातली साखर वाढलीय, पोट सुटलंय, हे एक. दुसरं असं, दुर्बीण घालून पोटातला जो कण काढला, त्यात जंतू सापडलाय. तुमची इतक्या वर्षांची जळजळ त्याचीच असणार. आणि ज्यांच्या पोटात हा जंतू असतो त्यांच्या लिव्हरवर चरबी जास्त आढळते, असं काही अभ्यासांत दिसलंय.”

“म्हंजे पोटातला जंतू उठून लिव्हर धरतोय?”

“तो पोटातच बसतो. पण सूज धरून बसतो ना, तिचा परिणाम लांबवर होत असू शकतो.”

“हुतो का न्हाई?”

“असू शकतो. अजून पक्कं कुणी सांगत नाही.”

आत्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला हसू दाबावं लागलं. गजराक्काला जगात दोनच रंग ठाऊक, काळा आणि पांढरा. ‘असू शकतं’ हा शब्द तिच्या घरात कधी जेवायला बसला नव्हता.

“घरात एकाला जंतू असला की दुसऱ्यालाही असायची शक्यता असते,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचे यजमान?”

“गेले.”

“कशानं?”

“दारूनं,” आत्या फाडकन म्हणाल्या. “लिव्हर गेलं. पोट पाण्यानं ह्ये एवढं फुगलं हुतं.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. दोन आठवड्यांचा कोर्स, मध्ये सोडायचा नाही. “आणि या गोळ्यांवर दारूचा थेंबही चालत नाही बरं का. उलट्या होतात, जीव घाबरा होतो.”

“परत तेच!” आत्या उठल्याच.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “शिकलीया एवढी आन् बोलती कशी बघ. असू शकतं म्हणं! उद्या मी बायास्नी सांगू का, दारूनं घर मोडू शकतं, न्हाईबी मोडू शकतं?”

उद्याचं नसलं तरी येत्या रविवारी आमच्या गावात खरोखरच मतदान होतं. देशी दारूचं दुकान ठेवायचं की घालवायचं, हे गावातल्या बायकांनी ठरवायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. आत्यांनी त्यासाठी चपला झिजवल्या होत्या. प्रत्येक सभेत त्यांचं भाषण एकाच वाक्यानं सुरू व्हायचं, “माझा मालक दारूनं गेला. या गावात पहिली बाटली मी फोडली, ती माझ्या घरातली.” तेवढ्यावर बायका पदर डोळ्यांना लावायच्या. ते ऐकूनच माझ्या आईनं मला या घरात दिली होती. म्हणाली, “जिथं सासूच वाघीण, तिथं बाटली कुठनं शिरायची?”

आणि त्याच वाघिणीच्या तोंडाला मला महिनाभर वास येत होता.

हे कुणाला सांगायचं? माझ्या माहेरच्या घरामागं गुत्ता होता. तो आंबूस, गोडसर, नाकात चढणारा वास मी झोपेतही ओळखेन. जेवण झाल्यावर आत्या आतल्या खोलीत जायच्या, कपाट वाजायचं, आणि बाहेर येऊन शेजारी बसल्या की तो वास. पहिल्यांदा वाटलं माझंच डोकं फिरलंय. मग वाटलं पिकलेलं केळं असेल. माणूस स्वतःला किती फसवतो! नवऱ्याला विचारायची सोय नव्हती, आईविषयी एक शब्द काढला की हे ताट सोडून उठायचे. आणि आता वर लिव्हरही खराब. मी एस. टी. त आत्यांच्या शेजारी बसले होते, आणि खरं सांगते, मला रडू येत होतं. कुणावर रागवावं तेच कळत नव्हतं.

बरं, आत्यांना लपवाछपवी ठाऊक असती तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याच दिवशी पिठाच्या गिरणीत, रांगेत उभ्या राहून त्यांनी आपणच सांगितलं, “माझ्या लिव्हरला चरबी धरलीया म्हणं. पोटात जंतूबी हाय.”

झालं. जंतू गिरणीच्या पट्ट्यात गेला आणि लिव्हर तेवढं गावभर फिरलं. आमच्या गावात ‘लिव्हर’ हा शब्द फक्त एकाच कारणानं कुणी उच्चारायचं. संध्याकाळपर्यंत दुकानवाला पोपट बारवकर पारावर बसून म्हणत होता, “आक्का बाटल्या फोडती म्हणं. फोडायच्या आधी रिकाम्या करती का काय बघा!”

त्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या. आणि रात्रीचं जेवण होऊन अर्धा तास झाला नसेल, आत्यांना भडभडून उलटी झाली. तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, भिंतीला धरून बसलेल्या. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि तोंडाजवळ तोच वास. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात ढोल वाजवत होते. दारूचा थेंबही चालत नाही. उलट्या होतात.

“गरम पडल्या गोळ्या,” आत्या म्हणाल्या.

मी चूळ भरायला पाणी पुढं केलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची शालन आली. ही आत्यांचा उजवा हात. तिचा नवरा पोपटच्या दुकानाचा रोजचा गिऱ्हाईक, आणि त्याचा रोजचा हिशेब शालनच्या अंगावर निघायचा. समोरचा दात तिनं असाच गमावलेला. तिनं पायरीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं.

“आक्का, बायका फिरायल्या. म्हणत्यात, पुढारीणच पिती तर आमी कशाला आडवीवर शिक्का मारू? पोपटनं पैज घातलीया. म्हणतोय, आक्कानं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून सांगावं, कधी पिली न्हाई म्हणून, मग मी दुकान आपणहून बंद करतो.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, बिरोबाचा भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती मुठीत घेऊन बोललेलं खोटं निघालं तर देव त्या माणसाचं वाटोळं करतो, अशी आमच्याकडची समजूत. कोर्टात खोटी साक्ष हसत देणारे लोक भंडाऱ्याला हात लावताना घाम पुसतात.

“एवढंच ना?” आत्या म्हणाल्या. “उद्या सकाळी सगळ्यास्नी बोलीव. उचलती. माझ्या तोंडाला आजवर दारू लागली न्हाई.”

शालन हायसं वाटून गेली. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ती मुठीतली हळद दिसायला लागली.

दुपारी आत्या जेवल्या, आतल्या खोलीत गेल्या, कपाट वाजलं. मी मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. दारातच उभी राहिले.

“आत्या, उद्या भंडारा उचलू नका.”

“का गं?”

“पाया पडते तुमच्या, उचलू नका.”

“आगं पण का? काय झालं तुला?”

शेवटी डोळे मिटूनच बोलले. “तुमच्या तोंडाला वास येतो.”

वाटलं, आता कानाखाली बसणार. डोळे उघडून बघते तर आत्या पेला हातात धरून उभ्या. पेल्यात तांबूस काळं पाणी.

“कशाचा वास?”

“आंबूस. गोडसर. जेवणानंतर रोज येतो.”

“आगं, ह्ये तर औषध हाय! तालुक्याच्या दुकानात मिळतंय, आसव. जळजळीवर. माझ्या नणंदंनं, उषानं, सांगितलं म्हणून घेती. बघ की.” त्यांनी कपाटातून बाटली काढून माझ्या हातात कोंबली. आयुर्वेदिक दुकानातली सरळसाधी बाटली. मी वाचत गेले. अगदी खाली बारीक अक्षरात होतं, यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे.

मी डॉक्टर इनामदारांना फोन लावला. आत्या माझ्या तोंडाकडं टक लावून.

“आसव घेत होत्या? मग मला आधी सांगायचं ना!” डॉक्टर म्हणाल्या. “आसव आंबवून करतात, त्यात थोडी दारू तयार होतेच. त्या गोळ्यांवर ते गेलं म्हणून उलटी झाली असेल. तसं नुसत्या गोळ्यांनीही होतं काहींना. पण आसव आजपासून बंद.”

“आणि लिव्हर? ते या आसवानं?”

“छे, दोन चमच्यांनी एवढी चरबी साठत नाही. ते मी सांगितलं तेच. साखर, वजन, आणि तो जंतूही असू शकतो.”

फोन ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागले. महिनाभराचा धोंडा छातीवरून उतरला होता. माझी सासू पीत नव्हती! “आत्या, नुसतं औषध होतं हो! मी बावळट काय काय मनात आणलं!”

आत्या हसल्या नाहीत. त्या हळूच पलंगावर बसल्या.

“कसला वास म्हणालीस?”

“आंबूस... गोडसर.”

“नाकात चढतोय?”

“हो.”

“मला कसा आला न्हाई?”

“स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला कुठं येतो, आत्या.”

त्यांनी बाटलीचं बूच काढलं. इतके दिवस नाक मुरडून घटकन गिळत असतील, आता बाटली नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. मला वाटलं पुन्हा उलटी होणार.

“यांच्या तोंडाला ह्योच यायचा,” आत्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. मामंजींना मी पाहिलेलं नव्हतं. गवंडीकाम करायचे, मिरजेकडं राहायचे, शनिवारी घरी यायचे, एवढंच ऐकलेलं. आत्या त्यांच्याविषयी त्या भाषणातल्या एका वाक्यापलीकडं कधी बोलल्याच नव्हत्या.

“त्यांच्याबी छातीत जळायचं. सोडा खायचे मूठमूठ. मग तिकडच्या कुठल्या वैद्याची बाटली आणायला लागले. गिऱ्हाईकानं न्हेलेल्या बाटलीत त्यो वैद्य औषध भरून द्यायचा, म्हणून सांगायचे. बाटली मातूर दारूची. देशीची. मी म्हणलं, सगळे बेवडे औषधच म्हणत्यात. दगडावर फोडली. बाया जमल्या हुत्या, टाळ्या वाजवल्या.” आत्यांनी हातातल्या बाटलीकडं बघितलं. “वास घेऊन बघितलाच न्हाई, पोरी. काय हुतं त्यात?”

“आत्या, ते...”

“एका ताटात जेवायचो आमी. त्यांचं उष्टं मी खायची. डॉक्टरीण म्हणली न्हवं, एकाला असला की दुसऱ्याला? माझ्याबी लिव्हरला धरलंच की. मी कवा पिली?”

आता मला भीती वाटायला लागली. मी घाईघाईनं परत फोन लावला, सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, “न पिताही लिव्हर तसं होऊ शकतं. चरबीनं होतं, काविळीच्या विषाणूनं होतं. आणि दारूनंही होतं. आता इतक्या वर्षांनी कोण सांगणार? पीत नसतीलही. पीत असतीलही. त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका.”

मी तेवढं सगळं आत्यांना सांगितलं. त्या नुसत्या मान हलवत होत्या.

“त्यांनीबी भंडारा उचलला हुता,” त्या म्हणाल्या. “मीच उचलायला लावला. बिरोबाच्या पायरीवर. म्हणले, गजरे, शप्पत घेतो, न्हाई पीत मी. आन् वर्ष झालं न्हाई तवर पोट फुगलं. सगळं गाव म्हणलं, खोटा भंडारा उचलला, देवानं दावलं. मीबी म्हणलं. त्यांच्या तोंडावर म्हणलं.”

मग त्या रडल्या. गजराक्का साळोखे रडताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला काय करावं ते सुचेना. मी आपली बाटलीचं बूच लावत बसले.

सकाळी देवळासमोर ही गर्दी. बायका पायऱ्यांवर, पुरुष पारावर, पोपट बारवकर सगळ्यांत पुढं, नवा सदरा घालून. लग्नालाही एवढा नटला नसेल. आत्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. आत्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

“मी भंडारा उचलणार न्हाई.”

एकच गलका झाला. पोपटनं मांडीवर थाप मारली. “आलं का भाईर!” शालनचा चेहरा पांढराफटक. मी तर देवाला म्हटलं, बाबा रे, आता मला पोटात घे.

आत्यांनी पदराखालची बाटली काढून वर धरली. “ह्ये मी महिनाभर पिलं. जळजळीचं औषध म्हणून. यात दारू हाय, थोडी का हुईना, मला ठावं न्हवतं. म्हणून माझ्या तोंडाला दारू लागली न्हाई, आसं मी देवापुढं म्हणू शकत न्हाई. आन् माझं लिव्हर ह्यानं बिघडलं न्हाई, आसं डॉक्टरीण म्हणती. पोटातल्या जंतूनं बिघडलं आसंल, साखरंनं आसंल, तिलाबी पक्कं ठावं न्हाई.”

“मग ठावं काय हाय तुला?” पोपट ओरडला.

“सांगती. मी सगळीकडं सांगत आली, माझा मालक दारूनं गेला. गेला का? मला ठावं न्हाई. ह्या पायरीवर त्यानं भंडारा उचलला, तुमच्यातल्या किती तरी जणी तवा हितं हुत्या. आपुन हसलो त्याला.” त्यांनी वर धरलेली बाटली खाली घेतली. “मी फोडलेल्या पहिल्या बाटलीत काय हुतं, त्ये मी बघितलंच न्हाई.”

म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं बघेनात.

“मग दुकान कशापायी बंद करायचं?” पोपटला एवढा सोपा डाव कधी मिळाला नसेल. “आक्काच म्हणती तिचा मालक पीत न्हवता!”

“माझ्या मालकाचं मला ठावं न्हाई,” आत्या म्हणाल्या. “शालनच्या मालकाचं हाय. तिचा दात कुठं गेला, ह्ये कुणाला डॉक्टरला इचाराया लागतंय का?”

शालननं तोंडावर हात नेला. मग सावकाश काढून घेतला आणि सगळ्यांकडं बघत उभी राहिली.

आत्यांनी बाटली देवळाच्या पायरीवर ठेवली. उभी नाही, आडवी. मग ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि त्या पायरीवर खाली वाकल्या. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

“धनी,” त्या म्हणाल्या, “मी तुमचा भंडारा खोटा धरला.” आणि हळद त्या दगडावर सोडली.

रविवारी आडवी बाटली जिंकली. पोपटच्या पैजेचं कुणी नावही काढलं नाही, आणि त्याची गरजही उरली नाही, सरकारी कुलूप लागलं. आत्यांनी गोळ्यांचा कोर्स न चुकता संपवला, उलटी परत झाली नाही. पुढं तपासणीत जंतू गेलेला निघाला. लिव्हरवरची चरबी मात्र थोडी उतरली, थोडी राहिली. 

“जंतू गेला म्हणून उतरली का?” मी डॉक्टरांना विचारलं. “की गुळाचा चहा सोडला म्हणून?”

“दोन्ही असू शकतं,” डॉक्टर म्हणाल्या आणि धास्तीनं आत्यांकडं पाहिलं.

आत्यांनी रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला.

त्यानंतरही त्या गावोगाव सभा घेत राहिल्या, पण भाषण शालनपासून सुरू करायच्या आणि शालन स्वतः शेजारी उभी असायची. मामंजींचा फोटो ट्रंकेतून निघून भिंतीवर आला. त्या वर्षीच्या पितृपक्षात आत्यांनी पहिल्यांदाच त्यांच्यासाठी पान वाढलं. खीर, वडे, भाजी, सगळं साग्रसंगीत. काकबळी ठेवून आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. मला राहवलं नाही.

“आत्या, तुम्हाला मनातून काय वाटतं? मामंजी खरंच पीत नव्हते?”

त्या भिंतीवरच्या फोटोकडं बघत बसल्या. माझा प्रश्न त्यांनी ऐकला की नाही अशी मला शंका आली.

“असू शकतं,” आत्या म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावून उठल्या. “जा, बघ जा, कावळा शिवला का.”